चतुराबाईनं नवऱ्याला आजारी ठरवलं त्याची गोष्ट

फुलंब्रीकडून शहरात येणारी एसटी हर्सूलला पोचली की गाडीतली माणसं जरा गप्प होत. तुरुंगाची लांबच लांब भिंत खिडकीतून सरकायला लागायची. ज्याचं आत कोणी नाही तो मान लांब करून बघायचा, ज्याचं आत कोणी आहे तो समोरच्या कांबीकडं बघत बसायचा. चिंचखेड्याची चतुराबाई मात्र या दोन्हींत नव्हती. ती कंडक्टरशी भांडायची. कंडक्टर मोठ्यानं ओरडायचा, जेलवाले उतरून घ्या म्हणून. चतुराबाई गाठोडं सांभाळत दारापर्यंत यायची आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायची, "जेलवाले आत हायेत, बाबा. आम्ही घरवाले. बोलताना जरा बघून बोलत जाय." कंडक्टर बदलायचे, नवीन यायचे, नवीनही तसंच ओरडायचे आणि चतुराबाई त्यांनाही तेच ऐकवायची. एवढी वर्षं हा पाठ चालला, पण कोणी सुधारलं नाही.

आत होता तिचा नवरा सांडू. आता सांडू आत कसा गेला ते सांगायला पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं माणूस चोर-दरोडेखोर असंल. तसं काही नव्हतं. दुष्काळाच्या आदल्या सालचा पोळा होता. चिंचखेड्याच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि मानाची बैलजोडी त्याखालून पहिली काढायची, मग गावाचे बैल. मान कुणाचा यावर सांडूच्या घराचं आणि समोरच्या काकासाहेबाच्या घराचं दोन पिढ्यांपासून जमत नव्हतं. एक साल तुमचं, एक साल आमचं, असं पंचांनी ठरवून दिलं होतं. पण मधे एक साल गावात पटकी येऊन पोळाच झाला नव्हता. ते न झालेलं साल कुणाच्या खात्यात धरायचं, यावर तंटा पेटला. बघा म्हणजे, जे झालंच नाही त्यावरून. काकासाहेबानं जोडी पुढं घातली, सांडूनं रंगीत कागद गुंडाळलेली काठी आडवी घातली. आडवी घातलेली काठी उभी कधी झाली ते सांडूलाही कळलं नाही. काकासाहेब वेशीच्या दगडावर पडला तो उठलाच नाही. बैल तोरणाखाली एकटेच उभे राहिले.

सांडू पळाला नाही. पोलीस पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला. फौजदार आला, त्यानं सवयीनं विचारलं, काय म्हातारबा, काय हालहवाल? सांडू उठून उभा राहिला, मुजरा केला आणि म्हणाला, "बरं हाय, सायब." सगळं गाव कपाळाला हात लावून बघत राहिलं.

पण सांडूचा स्वभावच तो. त्याचा बाप निजामाच्या काळात एका जहागीरदाराकडं घोड्याच्या पागेवर होता. बापानं शिकवलं होतं, मोठा माणूस कसा आहेस म्हणून विचारतो तो त्याचा मोठेपणा. आपण बरं आहे म्हणायचं, तो आपला मोठेपणा. आपलं दुखणंखुपणं त्याच्या पायाशी ओतायचं म्हणजे त्याच्या गालिच्यावर चिखलाचे पाय ठेवायचे. सांडूनं हे असं धरून ठेवलं की विचारू नका. थोरल्या लेकीच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढताना त्याच्या पायाला विंचू डसला. शेवटच्या ताटापर्यंत वाढत गेला. व्याही म्हणाला, अहो घाम फुटलाय तुम्हाला, बरं वाटत नाही का? तर म्हणाला, उन्हाळा हाय ना, आन् तुम्ही जेवताय हे बघून लई बरं वाटायलंय. पंगत उठल्यावर पडला, त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. चतुराबाईनं विंचू उतरवायला आलेल्या मांत्रिकाला ज्या शिव्या घातल्या त्याच्या दुप्पट नवऱ्याला घातल्या.

जन्मठेप झाली तेव्हा तो साठीला टेकला होता. मग दुष्काळ आला. चतुराबाईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, तिथं वाटलेली सुकडी खाल्ली, धाकटीचं लग्न उरकलं, दीर फकिराच्या मदतीनं रान पडीक पडू दिलं नाही. हे सगळं तिनं केलं ते रडत नाही, चिडत. तिचं म्हणणं असायचं की रडायला बसलं की माणसं शेजारी येऊन बसतात आणि कामाचा खोळंबा होतो. चिडलेल्या बाईच्या वाटेला कोणी जात नाही.

पुढं सांडूच्या छातीनं दगा दिला. भेटीला गेली की जाळीपलीकडून आधी त्याचा दम ऐकू यायचा, मग तो दिसायचा. पाय सुजलेले, ओठ जांभळे. ती विचारायची, काय होतंय? तो म्हणायचा, काय नाय, बरं हाय. मग पाच-सहा दम घ्यायचा आणि विचारायचा, गाय व्याली का? बाजूच्या जाळीपाशी उभ्या असलेल्या एका बाईनं हे दोन-तीनदा ऐकलं. तिनंच बाहेर आल्यावर चतुराबाईला सांगितलं की फार म्हातारा असलेला, फार आजारी असलेला कैदी सरकार मुदतीआधीसुद्धा सोडतं. डॉक्टर लोकांनी तपासायला पाहिजे, गावाकडं चौकशी व्हायला पाहिजे, घरच्यांनी आम्ही सांभाळतो म्हणून सांगायला पाहिजे. तिचा भाऊ असाच घरी गेला होता आणि घरीच गेला, म्हणजे वारला. ते ऐकून चतुराबाईच्या मनानं घेतलं. सोडून आणून याला काही नवा संसार करायचा नव्हता. पण मरायचं ते घरी. जेलच्या दारातून मढं न्यायची पाळी तिला नको होती.

अर्ज लिहायला ती मोहियोद्दीनकडं गेली. मोहियोद्दीन कोर्टाजवळ एका बंद दुकानाच्या फळीवर पत्र्याची पेटी घेऊन बसायचा. निजामावरच्या पोलीस अॅक्शनच्या आधी उर्दूत अर्ज लिहायचा, नंतर मराठी शिकला, पण त्याच्या मराठीला उर्दूचा वास होता. चतुराबाई त्याला मुन्शीजी म्हणायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन-तीनदा "या अल्ला" म्हणाला आणि असा काही अर्ज लिहिला की वाचून दाखवताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. चतुराबाईच्या आलं नाही. ती म्हणाली, मुन्शीजी, रडायचं असंल तर मागून रडा, आधी कुठं द्यायचा ते सांगा.

अर्ज गेला, फिरला, कुठून कुठं गेला ते देवाला ठाऊक, आणि एके दिवशी चौकशीला जमादार चिंचखेड्यात आला. नेमकी त्या दिवशी चतुराबाई खुरपायला गेली होती. घरी फकिरा.

आता फकिराची एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं समजंल. निजामाच्या वक्ताला लेव्हीची वसुली यायची. घरात किती धान्य आहे ते बघून उचलून न्यायचे. तेव्हापासून या घराचा दंडक होता की कागद घेतलेला सरकारी माणूस वेशीवर दिसला की ज्वारीच्या पेवावर गोवऱ्या रचायच्या, दुभतं जनावर शेजारी नेऊन बांधायचं आणि अंगावरचं धड कापड उतरवून फाटकं घालायचं. पुढं लेव्ही गेली, निजाम गेला, दंडक राहिला. खावटीचं धान्य वाटायला आलेल्या माणसापुढंही तेच, माणसं मोजायला आलेल्या मास्तरापुढंही तेच. देवी टोचायला बाई आली होती, तिच्यापुढंही फकिरानं घरात दाणा नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, दाणा कशाला, दंड पुढं करा.

जमादारानं विचारलं, माणूस घरी आला तर खायला-प्यायला घालाल का, औषधपाणी कराल का? फकिराच्या कानात एवढंच गेलं, खायला आहे का. तो सुरू झाला. दोन दिसांपासून चूल पेटली नाही. पोरं मुळ्या उकडून खातात. ही वाकळ बघा. वाकळ त्यानं शेजारच्या दगडाबाईकडून तेवढ्यापुरती मागून आणली होती, कारण घरच्या वाकळी धड होत्या. औषधाचं म्हणाल तर त्याची स्वतःची दाढ वर्षापासून ठणकतेय, ती काढायला जमत नाही. जमादार भला माणूस. त्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं खिशातल्या शेंगा फकिराच्या पोरांना दिल्या. आणि गेल्यावर त्यानं वर कळवलं की घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, कैद्याला तुरुंगात निदान दोन वेळचं अन्न आणि औषध तरी मिळतं.

चतुराबाई संध्याकाळी घरी आली तर गोठ्यात गाय नाही, शेळ्या नाहीत, भिंतीवरची भांडी नाहीत. तिला वाटलं दरोडा पडला. फकिरा हसत हसत पुढं आला आणि म्हणाला, वैनी, काळजी करू नगं, समदं दगडाबाईकडं हाय. सरकारी माणूस आला होता, असा परतवला की पुन्हा येनार नाय.

कोणता माणूस, काय विचारत होता, हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर चतुराबाई बसलीच. मग उठली. मग फकिराला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. फकिराचा मुद्दा शेवटपर्यंत एकच होता, की आमच्या घरात आहे असं सरकारला सांगितलेलं आजवर कुणाला फळलंय का? चतुराबाई गाय सोडून आणायला दगडाबाईकडं निघून गेली.

अर्ज नामंजूर होऊन आला. मोहियोद्दीननं दुसरा लिहिला. यावेळी तिनं आधीच बंदोबस्त केला. फकिराला रोज सांजच्याला समोर बसवायची आणि वदवून घ्यायची, म्हना, आमच्याकडं समदं हाय. फकिरा म्हणायचा, आमच्याकडं, आणि तिथंच अडायचा. खोकायचा. पाणी प्यायचा. जमादार दुसऱ्यांदा आला तेव्हा चतुराबाई शेतात गेली नव्हती, पण घरचा पुरुष म्हणून जबाब फकिराचाच. गाय गोठ्यात, भांडी भिंतीवर, पेव उघडं. फकिरा घामाघूम. जमादारानं विचारलं, मागच्या वेळी तर काहीच नव्हतं? फकिरानं वहिनीकडं बघितलं आणि हळूच जमादाराच्या कानाला लागला. "हाय थोडंफार, सायब. पन ते लिहू नका."

चतुराबाईनं मग स्वतःच जमादाराला पेवापाशी नेलं आणि हात कोपरापर्यंत ज्वारीत घालून दाखवला. म्हणाली, हे लिहा. ह्यो बोलतोय ते लिहू नका.

त्याच चौकशीत आणखी एक घर होतं, आणि त्या घरापुढं चतुराबाईचा तोंडाचा पट्टा चालत नव्हता. काकासाहेबाची बायको मनकर्णाबाई. तिचं दार यांच्या दारासमोर. पोळ्यापासून दोन्ही घरांत हळदीकुंकू बंद, विस्तव देणं-घेणं बंद, बोलणं बंद. जमादारानं तिला विचारलं की सांडू सुटून आला तर तुमची हरकत आहे का, जिवाला भीती वाटते का. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून टाकत ती बोलली. "भीती कशाची, त्याला चालवंना म्हनतेत. आनू द्या. मी रोज त्याचं दार बघत आले, त्यानंबी मरेस्तोवर माझं बघावं." जमादारानं लिहिलं, हरकत नाही. आता ही हरकत होती की नव्हती हे ज्याचं त्यानं ठरवावं. चतुराबाई दाराआडून ऐकत होती. त्या दिवशी तिनं घरात कुणावरही तोंड टाकलं नाही, म्हणून फकिरानं घाबरून दोनदा विचारलं, वैनी, दुखायलंय का कुठं.

राहिले डॉक्टर. डॉक्टरांपुढं उभं करायची तारीख तिला भेटीत कळली आणि इथं मात्र चूक तिची. दोष फकिरावर ढकलायला ती पुढं बघायची, पण जमायचं नाही. चार मोठी माणसं नवऱ्याला बघायला बसणार म्हटल्यावर तिचं डोकं सोयरिकीच्या वाटेनं गेलं. तिनं सांडूला बजावलं, दाढी करून घ्या, तोंडबिंड धुऊन जा, वाकून उभं राहू नका, लोकं म्हनतील बायकोनं वाऱ्यावर सोडलंय. खोबरेल तेलाची बाटली आत द्यायची परवानगी मिळाली तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

सांडू दाढी करून, मिशीला तेल लावून, शिपायाच्या पुढं दोन पायऱ्या असा दवाखान्याचा जिना चढला. त्याचा दमही लबाड. रात्रभर छळायचा आणि सकाळी ऊन पडलं की घटकाभर रजेवर जायचा. बाहेर तपासायच्या माणसांची रीघ लागली होती, म्हणून डॉक्टर नुसतं विचारून मोकळे होत होते. डॉक्टरांनी विचारलं, काय बाबा, कसं काय वाटतंय? सांडूनं हात जोडले. बरं हाय, म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर सांडू कसला. त्यानं उलट विचारलं, तुमचं कसं काय, घरी समदी मंडळी बरी हायेत ना? डॉक्टर हसले. आल्याबद्दल सांडूनं त्यांचे आभार मानले, जसे काही तेच त्याला भेटायला आले होते. त्यांनी शेरा लिहिला की प्रकृती वयाच्या मानानं ठीक.

हे मोहियोद्दीनला सांगायला चतुराबाई गेली तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. मग म्हणाला, "बाई, मी अर्जात लिहिलं आदमी मरायलाय. घरवाले बोले खायला नाही. डॉक्टर साब बोले आदमी ठीक आहे. तुमचा नवरा बीमार हाय का तुमचं घर गरीब हाय, ते तुम्ही पहिले ठरवा, मग माझी शाई वाया घाला."

"बीमार हायेत, मुन्शीजी."

"तर मग त्याला सांगा ना ते."

पण तेच तर घोडं पेंड खात होतं. पुढच्या भेटीत तिनं सांगितलं, समजावलं, शेवटी जाळीवर हात आपटला. आजारी हाय म्हना. एवढंच म्हना. सांडू तिच्याकडं अशा नजरेनं बघत राहिला जशी काही ती त्याला चोरी करायला सांगत होती. म्हणाला, सायब माणसापुढं? मग दम घेतला. माझा बाप वर बसून बघायलाय, म्हणाला. तिनं सांगितलं की बाप तिकडं घोडे मोजत असंल, त्याला तुमच्याकडं बघायला येळ नाही. सांडू हसला, हसताना खोकला लागला, तो खोकतच होता तेवढ्यात शिपायानं त्याला आत नेला. त्या आठवड्यात तो पडला. हातगाडीवरून त्याला दवाखान्यात आणला आणि तिथंच डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं ठरलं. घरचं कुणी असेल तर आणा, म्हणाले. चिंचखेड्याला निरोप आला.

पहाटेच्या गाडीनं चतुराबाई निघाली. हर्सूलला कंडक्टर ओरडला तरी ती काही बोलली नाही. गाडीतली ओळखीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

दवाखान्यात सांडू खाटेवर टेकून बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले, पायाशी शिपाई. तीन डॉक्टर आले, त्यांतला मोठा पिकल्या केसांचा होता. त्यानं खाटेवर वाकून विचारलं, बाबा, काय त्रास होतो? सांडूनं उठून उभं राहायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्या हात जोडले. चतुराबाईला पुढचं ऐकायचीसुद्धा गरज नव्हती.

"बरं हाय, सायब."

डॉक्टर तिच्याकडं वळला. विचारलं, तुम्ही सांगा बाई, यांना काय होतं?

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. नवऱ्यावर रात्रंदिवस तोंड टाकणारी ही बाई. पण कपाळाला कुंकू लावलेल्या बाईच्या तोंडातून नवऱ्याच्या मरणाचा शब्द निघत नसतो. ओठावर आलाच तर ती जीभ चावते. चाळीस-पन्नास वर्षांत कुणी विचारलं की धनी कसे आहेत, तर तिनंसुद्धा बरे हायेत एवढंच सांगितलं होतं. जेलर साहेबांनी एकदा विचारलं होतं, त्यांनाही तेच. नवऱ्याला ती ज्याच्यासाठी शिव्या घालत आली ते तिच्याही जिभेवर बसलेलं होतं. हे तिला तिथं, त्या खाटेपाशी, तीन डॉक्टर आणि एक शिपाई बघत असताना कळलं. आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की त्या संतापाच्या भरात ती बोलून गेली.

"खोटं बोलतेत हे, सायब. ह्यांच्या बापापासून ह्या घरात खोटं बोलायची रीत हाय. ह्यांना भाकरीचे दोन घास गिळता येत नाहीत. आडवं होता येत नाही, बसून झोपतेत. पाय बघा, बोट घाला, खड्डा पडतो. हे काय वरीस काढनार नाहीत. मरनार हायेत. मला म्हाईत हाय, ह्यांनाबी म्हाईत हाय. तर घरी मरू द्या त्यांना."

बोलून झालं आणि तिचा हात आपोआप कुंकवावर गेला.

सांडू तिच्याकडं बघत होता. मग त्यानं डॉक्टरकडं तोंड फिरवलं आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, "सायब, ही बाई कोन हाय, मी वळखत नाय."

शिपाई फिसकन हसला आणि गप्प झाला. मोठा डॉक्टर हसला नाही. तो म्हणाला, ठीक आहे बाबा, तुम्ही बरे आहात ना, मग जरा उताणे झोपून दाखवा. सांडूनं बायकोकडं एक नजर टाकली, आता बघच अशी, आणि उशी बाजूला सारून सपाट आडवा झाला. छाती वर आली ती खाली जाईना. डोळे मोठे झाले, ओठ काळेनिळे पडले, हात हवेत काहीतरी धरायला गेले. तरी उठायचं नाव घेईना. चतुराबाईनंच त्याच्या मानेखाली हात घालून त्याला उठवून बसवला आणि पाठ चोळत राहिली. त्याच्यात तिचा हात झटकून टाकण्याइतकं बळ नव्हतं. डॉक्टरांनी नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, पायावर बोट दाबून बघितलं आणि बराच वेळ लिहीत बसले.

त्यानंतरही कागद कुठं कुठं फिरले. मुंबईला गेले, मुंबईहून परत आले, एका सहीसाठी पुन्हा गेले. मोहियोद्दीन म्हणायचा, बाई, कागदाला पाय नसतात, म्हणून तो असा फिरतो. चतुराबाई म्हणायची, कागद फिरू द्या, माणसाचा दम फिरायचा थांबंल. दर सोमवारी ती चौकशीला यायची, आणि जाताना मोहियोद्दीनला गावची शेंगदाण्याची चटणी देऊन जायची. तिखट खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तिला जरा समाधान वाटायचं. शेवटी संक्रांतीच्या पुढं-मागं हुकूम आला. फकिरानं बैलगाडीत कडबा अंथरून, त्यावर घरातली सगळ्यात चांगली वाकळ टाकून गाडी जेलच्या दारापाशी आणली. सांडूला आधार देऊन बाहेर आणलं. त्यानं फकिराची विचारपूस केली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, दारावरच्या शिपायाला रामराम केला. बायकोशी बोलला नाही.

पुढंही बोलला नाही. साहेब लोकांपुढं जिनं आपलं मरण तोंडातून काढलं त्या बाईशी बोलायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. बाज अंगणात टाकलेली, समोर मनकर्णाबाईचं दार. पहिले दोन दिवस त्यानं तोंड भिंतीकडं करून काढले. मग एकदा फकिराला म्हणाला, बाज फिरव. आणि त्या दाराकडं तोंड करून बसायला लागला. मनकर्णाबाई आपली तांदूळ निवडायची, हा बघत बसायचा. दोघं एक शब्द बोलत नव्हते.

इकडं चतुराबाईला काही सांगायचं झालं की तो शेळीला सांगायचा. शेळे, चहा पायजे म्हनावं. शेळे, ऊन आलं, बाज सरकवा म्हनावं. चतुराबाईही शेळीलाच उत्तर द्यायची, म्हन त्यांना, दूध तूच पिऊन टाकलंय. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बाजरी निघाली. संक्रांत परत आली आणि गेली, आणि वर्ष उलटून गेलेलं चतुराबाईच्या ध्यानात आलं तेव्हा ती हातातली भाकरी तव्यावरच सोडून उठली. आपण तर साहेबांना वर्ष काढणार नाही म्हणून सांगून बसलो. आता हा माणूस तर बसलाय भाकरी कुस्करून खात. उद्या सरकारनं म्हटलं, बाई खोटं बोलली, तर? ती तशीच मोहियोद्दीनकडं गेली. त्यानं सगळं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, या फळीवर बसून इतकी वर्षं झाली, पण नवरा जगला म्हणून तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच, बाई. जा घरी.

ती घरी आली. त्या दिवशी सांडूला दम जास्त होता. टेकायला लोड पुरत नव्हता, म्हणून ती बाजेवर चढून त्याच्या मागं बसली आणि त्याची पाठ आपल्या छातीला लावून घेतली. असा टेकला की त्याला जरा हवा मिळायची. शेळी दावणीला होती, जवळ कोणी नव्हतं. बराच वेळ तो नुसता दम घेत राहिला.

मग म्हणाला, "तू त्या सायबाला एकच वरीस सांगितलंस."

तिनं त्याच्या खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं.

"मागायचंच होतं तर दोन मागायची. घासाघीस करून सायबानं दीड तरी दिलं असतं." दम घेतला. "अडानी ती अडानीच."

चतुराबाईच्या डोक्यात तिडीक गेली. इतके महिने शेळीशी बोलत राहिलेला माणूस तोंड उघडतो आणि हे बोलतो. तिच्या जिभेवर दहा उत्तरं आली. पण उत्तर द्यायचं तर पुढं झुकून त्याच्याकडं बघावं लागलं असतं, आणि हलली असती तर तो घसरला असता. ती दात-ओठ खात तशीच बसून राहिली. त्यानं पुन्हा दम घेतला तसं तिनं त्याला काखेत धरून जरा वर ओढून घेतलं.